पडायला शिकवणारे सर: दादर-नायगाव पट्ट्यातल्या एका कॉलेजचा कबड्डी सराव

सकाळी सव्वासहाला या कॉलेजच्या हॉलमध्ये डोकावलं तर जुलैतल्या चाचणीनंतरचे पहिले तीन आठवडे एकही चढाई दिसत नाही. दिसतात ती पडणारी मुलं. बसल्या जागी पडतात, उकिडवी बसून पडतात, उभ्याने पडतात, मग कुणीतरी खांदा दिला की पडतात. वस्तीतल्या कबड्डी मंडळाकडून चार-पाच वर्षं खेळून आलेल्या मुलांना हे अपमानाचं वाटतं. त्यातली काही दुसऱ्या आठवड्यापासून यायची थांबतात. काय गमावलं ते त्यांना पुढे कळतं, गुडघ्याला पट्टा बांधून प्रेक्षकांत बसायची वेळ आली की.

कॉलेजचं आणि सरांचं नाव इथे देत नाही. खाली कौतुकाबरोबर उणिवाही स्पष्ट लिहिल्या आहेत, आणि कॉलेजचे कोच बऱ्याच ठिकाणी वर्षावर्षाच्या करारावर असतात. शिवाय आपल्या घराजवळच्या कॉलेजात जाऊन नेमकं काय बघायचं हे वाचणाऱ्याला कळावं, एवढाच हेतू आहे.

क्रीडा कोट्यातून प्रवेश घेणारी मुलं आणि त्यांचे आईवडील कॉलेज निवडताना हमखास ऑफिसबाहेरचं ट्रॉफींचं कपाट बघतात. त्या कपाटावरून एवढंच कळतं की कोणत्या वर्षी चांगली मुलं एकत्र आली होती. कोचचं काम बघायचं तर पाच-सात वर्षांपूर्वी पास होऊन गेलेली मुलं बघावीत. कबड्डीत आणि मुंबईत हे सोपं आहे, कारण मुलं कॉलेज सोडतात पण खेळ सोडत नाहीत. कुणी रेल्वेकडून खेळतो, कुणी पोलिसांकडून, कुणी नोकरी सांभाळून फक्त मंडळाकडून. दिवाळीनंतर अमर हिंद मंडळ, श्रमिक जिमखाना, वडाळ्याचं भारतीय क्रीडा मंदिर अशा मैदानांवर सामने बघत बसलं की एकेका कोचची मुलं जर्सी न वाचता ओळखता येतात. या सरांची मुलं ओळखायची खूण म्हणजे पकडीत आल्यावर ती जमिनीवर कशी येतात. धप्पकन आदळत नाहीत. अंग टप्प्याटप्प्याने टेकतं आणि पुढच्या क्षणी हात मध्य रेषेकडे गेलेला असतो.

हे कसं शिकवलं जातं ते नीट सांगण्यासारखं आहे. मागे पडणं आणि पुढे झेपावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक ठिकाणी त्यांची सरमिसळ होते. मागे किंवा बाजूला पडताना हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोक्याची मागची बाजू मॅटवर आपटत नाही. हात मागे सरळ टेकायचा नाही. कोपर ताठ ठेवून तळवा टेकला की सगळं वजन मनगटावर येतं आणि तिथून खांद्यावर जातं. नवीन मुलांची मनगटं आणि गळपट्टीची हाडं याच कारणाने जातात. पंजापासून कोपरापर्यंतचा हात एकदम, अंगापासून थोडा लांब, मॅटवर आपटायचा आणि त्याच वेळी श्वास सोडायचा. लोळण घ्यायची असेल तर एका खांद्यावरून तिरकं विरुद्ध बाजूच्या कुल्ल्यावर, मणक्यावरून सरळ कधीच नाही.

पुढे झेपावताना मात्र उलट. चढाईपटू घोट्यात अडकला आणि मध्य रेषा हातभर लांब असली की तो पोटावर झेपावतो. इथे हनुवटी छातीला लावली तर ती फुटते. मान उचललेली, चेहरा किंचित एका बाजूला, आधी तळवे घसरत पुढे, मग छाती, मग पोट, होडी किनाऱ्याला लागते तसं. सर हे पहिल्यांदा गुडघ्यांवर बसवून करून घेतात, मग उकिडवं, मग उभ्याने, आणि शेवटी एक पाय खरोखर धरून. प्रत्येक पायरीवर दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा. एका बाजूला नीट पडणारा मुलगा दुसऱ्या बाजूला हमखास चुकतो. जिथे चुकतो त्या बाजूला आणखी दहा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पंधरा मिनिटं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही यातून सूट नाही, आणि मला सर्वांत जास्त पटलेली गोष्ट हीच.

या सगळ्याआधी मॅट अंथरली जाते, त्याकडेही बघा. पुरुषांचं मैदान लॉबीसकट, म्हणजे दोन्ही कडेच्या पट्ट्या धरून, १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे एक मीटर चौरसाचे १३० तुकडे, शिवाय बाहेरच्या कडेचे वेगळे. इथे ते पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाची मुलं जोडीने लावतात. लावून झालं की दोघं जण अनवाणी सगळ्या सांध्यांवरून पाय घासत फिरतात. सांध्याचा दात वर आलेला असेल तर त्यात बुटाचं टोक अडकतं, पाऊल जागेवर राहतं आणि अंग वळतं. गुडघा पिळतो तो असाच. जुने, कडा झिजलेले तुकडे सर कोपऱ्यांत किंवा मध्य रेषेजवळ लावू देत नाहीत, कारण सगळ्यात जास्त झटापट तिथेच होते. ते शेवटच्या रेषेबाहेर जातात. पावसाळ्यात सराव संपल्यावर मॅट जंतुनाशक घातलेल्या पाण्याने पुसून पंख्याखाली सुकवतात आणि मगच रचतात. ओली रचली की तिला वास येतो आणि आठ दिवसांत निम्म्या संघाच्या मानेवर, काखेत गजकर्ण उठतं. मुंबईच्या दमट हवेत हे नेहमीचंच आहे, तरी फार कमी ठिकाणी त्याची काळजी घेतली जाते.

वॉर्मअप वीस मिनिटांचा. मैदानाला पाच-सहा फेऱ्या मारून हात फिरवले की झालं, असला प्रकार इथे नाही. फुटबॉलसाठी तयार झालेला ‘फिफा ११+’ नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप आहे. सरांनी त्याचाच सांगाडा घेऊन कबड्डीला जुळवलेला दिसतो. हलकं धावणं, बाजूला सरकणं, एका पायावर तीस सेकंद तोल, लंज, उडी मारून दोन्ही पायांवर उतरणं, मग एका पायावर. उतरताना गुडघा आत वळला की मोजणी पुन्हा एकपासून. पहिल्या वर्षाच्या दहापैकी सहा-सात मुलांचा गुडघा आत जातोच. आरशासमोर उभं केल्याशिवाय त्यांना ते पटत नाही, म्हणून हॉलच्या एका भिंतीला जुना, उंच आरसा लावून ठेवलाय.

पकडीत सरांचा हात खरा दिसतो. साखळी, म्हणजे बचावपटूंनी एकमेकांचे हात, धरताना नवीन मुलं बोटांत बोटं अडकवतात, ते पहिल्याच दिवशी बंद होतं. जोराचा हिसका बसला की अडकलेली बोटं सुटत नाहीत, सांधा निखळतो. एकाने दुसऱ्याचं मनगट धरायचं, दुसऱ्याने पहिल्याचं, म्हणजे पकड घट्ट राहते आणि सोडायची झाली तर लगेच सुटते. घोटा पकडताना दोन्ही हातांचे पंजे घोट्यामागे, छाती खाली, आणि डोकं चढाईपटूच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला. डोकं गुडघ्यासमोर राहिलं तर सुटायला धडपडणाऱ्याचा गुडघा थेट तोंडावर बसतो. दात पडलेला कोपरारक्षक (कोपऱ्यावरचा बचावपटू) भेटला की त्याला घोटा कुणी शिकवला ते विचारून बघा. कोपऱ्याने घोटा धरला आणि शेजारच्या मध्यरक्षकाने एका सेकंदात आधार दिला नाही तर ती पकड सुटणार, हे धरून इथे घोटा एकट्याला शिकवतच नाहीत. कायम जोडी. डावा कोपरा आणि डावा मध्य दोन-दोन महिने तेच दोघं राहतात. नजर न वळवता एकमेकांचा पाय कुठे आहे ते त्यांना कळायला लागतं.

चढाईत भर दमावर. चढाई ३० सेकंदांची. ‘कबड्डी कबड्डी’ म्हणणं, म्हणजेच दम, पंचाला ऐकू येईल असं अखंड चालू पाहिजे. निदान रेषा मध्य रेषेपासून ३.७५ मीटरवर, जिच्यापलीकडे पाय टेकून जादा गुण मिळवता येतो ती बोनस रेषा तिच्यापुढे एक मीटर. स्पर्श न करता आणि निदान रेषा न ओलांडता परतला तर चढाईपटू बाद. सराव असा: दम घेत निदान रेषेपर्यंत, मग बोनस रेषेपर्यंत, डावीकडे सरकत कोपऱ्यापर्यंत आणि मागे, ३० सेकंद, मग ६० सेकंद विश्रांती. असे आठ, दोन वेळा. दम फाटला की त्या फेरीची मोजणी नाही. पाचव्या-सहाव्या फेरीला मुलं दम चोरायला लागतात, तोंड हलतं पण आवाज येत नाही. सर पाठ करून उभे राहतात आणि नुसतं ऐकतात. पाठीमागे कोण गप्प झाला ते त्यांना बरोबर कळतं.

श्वासावर काम करणं हे काही या एकट्या सरांचं नाही. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ हरवलं, तेव्हा इराणच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. परक्या देशात जाऊन त्या फारसी शिकल्या आणि सरावात योग आणि प्राणायाम आणला. त्या पराभवाचं आपल्याकडे पुष्कळांना वाईट वाटलं आणि ते साहजिकच होतं. पण कोच म्हणून त्या मॅटवर काय सोडून आल्या, ते त्या दिवशी सगळ्या जगाने बघितलं.

आता हात वर करण्याबद्दल. या सरावात पंच नसतो. चढाईपटूचं बोट चाटून गेलं तर ज्याला लागलं त्याने स्वतः हात वर करून बाहेर जायचं. लपवलं आणि दुसऱ्याने पाहिलं तर वाद नाही, त्या दिवसाचा सराव सामना त्याच्यासाठी संपला. हे सभ्यतेचे धडे वाटतील, पण सरांचं कारण पूर्ण खेळातलं आहे. स्पर्श लपवणाऱ्या बचावपटूला आपण नेमके किती अंतराने चुकलो ते कधी कळतच नाही. वीतभर की चार बोटं, हे ज्याने मनाशी कबूल केलं त्याचंच पाऊल पुढच्या वेळी वीतभर मागे पडतं. स्पर्धेत निर्णय पंचाचा, तिथे सर काही सांगत नाहीत. तरी त्यांची जुनी मुलं मंडळाच्या सामन्यातही आपणहून बाहेर जाताना दिसतात, चुरशीच्या सामन्यात, शेवटच्या दोन मिनिटांत. प्रेक्षकांत बसलेला मंडळाचा कार्यकर्ता कपाळावर हात मारतो. कॉलेज सोडून सहा वर्षं झालेल्या माणसाला हे करायला कुणी सांगितलेलं नसतं.

आठवड्यातून एकदा, गुरुवारी, सर बाकावर बसतात आणि तोंड उघडत नाहीत. सराव तिसऱ्या वर्षाची मुलं घेतात. वॉर्मअप कुणी, पकडी कुणी, सामन्यात बदली खेळाडू कधी उतरवायचा, प्रत्येक सत्रातले ३० सेकंदांचे दोन टाइमआउट कधी घ्यायचे, सगळं त्यांनी ठरवायचं. पहिले काही गुरुवार गोंधळात जातात. टाइमआउट पहिल्याच लोणनंतर (अख्खा संघ बाद झाल्यावर) संपतात आणि शेवटच्या पाच मिनिटांत दम खायला काही उरत नाही. सर तेव्हाही बोलत नाहीत, शुक्रवारी विचारतात. बाकी कॉलेजांत कोच आजारी पडला की सराव बंद पडतो. इथे तो चालू राहतो. सरावसामने बहुधा मधूनच सुरू होतात: तीन बचावपटू उरलेत आणि सुपर टॅकल म्हणजे अव्वल पकडीचा जादा गुण मिळवायचाय, किंवा एका गुणाची आघाडी आहे आणि दीड मिनिट उरलंय. शून्य-शून्यपासून सुरू केलेल्या सामन्यात असा प्रसंग आठवड्यातून एखादाच वाट्याला येतो, इथे रोज तीन-चार.

वही हा आणखी एक मुद्दा. शंभर पानी साधी वही, त्यात रोज चार रकाने: झोप किती तास, सकाळचं वजन, कुठे दुखतंय आणि शून्य ते दहात किती, आदल्या दिवशी सामना होता का. शनिवारी सर वह्या वाचतात. एकाच जागी तीन दिवस चारच्या वर दुखणं असेल तर मॅटवर पाय ठेवायचा नाही, बाजूला बसून पकडींची नोंद घ्यायची. मुलं सुरुवातीला खोटं लिहितात. आकडे मागेपुढे बघितले की ते उघडं पडतं, कारण झोप चार तास लिहिलेली असते आणि दुखणं शून्य.

झोपेच्या रकान्यामागे मुंबईच्या कबड्डीचा सगळ्यात मोठा पेच आहे. मुलगा कॉलेजचाही असतो आणि मंडळाचाही. डिसेंबर ते मार्च उपनगरांपासून प्रभादेवी-लालबागपर्यंत रोज कुठे ना कुठे प्रकाशझोतातले सामने असतात. रात्री साडेअकराला सामना संपतो, वडापाव खाऊन घरी पोचेपर्यंत एक वाजतो, आणि सव्वासहाला सराव. बरेच कोच मंडळाला शत्रू समजतात, मुलाला ‘कॉलेज की मंडळ’ असं विचारतात. मुलगा दोन्हीकडे खोटं बोलायला शिकतो आणि थकलेल्या अंगाने दोन्हीकडे खेळतो. थकलेला पाय उशिरा उतरतो, गुडघा तिथेच जातो. या सरांनी मंडळांच्या प्रशिक्षकांशी बोलून ठेवलंय. रात्रीचा सामना वहीत लिहायचा. सामना अकरानंतर संपला असेल तर दुसऱ्या दिवशी यायचं, पण फक्त वॉर्मअप आणि स्ट्रेचिंग करून निघायचं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आधीचे दहा दिवस मंडळाने मुलाला सोडायचं. सगळी मंडळं पाळतात असं नाही. जी पाळतात तिथून पुढच्या वर्षी आणखी मुलं येतात.

वजनाच्या बाबतीत सर कडक आहेत आणि ते बरोबरच आहे. सीनियर पुरुष गटात मर्यादा ८५ किलो. ८७ किलोचा मुलगा स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाणी बंद करून, रेनकोट घालून धावून ८५ गाठतो, काट्यावर पास होतो आणि दुपारी दुसऱ्या सत्रात पायात गोळे येऊन बसतो. इथे स्पर्धेच्या सहा आठवडे आधीपासून वही बघितली जाते. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. पाणी कमी करणारा सापडला तर त्याचं नाव यादीतून जातं, तो कितीही चांगला चढाईपटू असो. जेवणावर व्याख्यान नाही. घरात जे शिजतं तेच, भाकरी-उसळ-अंडी वाढवा, सराव संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी पोटात जाऊ द्या, आणि स्टेशनबाहेरच्या तळलेल्याला आठवड्यात एक दिवस. डब्यातून पावडरी विकणारा माणूस हॉलच्या दारात उभा राहू शकत नाही.

दुखापत झाली तर काय, हे प्रवेश घेण्याआधी प्रत्येक पालकाने कोचला विचारावं. या सरांची पद्धत ठरलेली आहे. डोक्याला मार लागून मुलगा गोंधळलेला, मळमळणारा किंवा क्षणभरही शुद्ध हरपलेला असेल तर त्या दिवशी परत मॅटवर नाही, डॉक्टर सांगेपर्यंत पुढेही नाही. गुडघ्यातून टक्कन आवाज आला आणि दोन-चार तासांत सूज चढली तर चोळायचं नाही, मालिश नाही, ‘नस बसवणाऱ्या’कडे जायचं नाही. बर्फ, पट्टा, आणि दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे. खासगी परवडत नसेल तर केईएम किंवा सायनची ओपीडी आहे, सोबत तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा जातो. गुडघ्यातला समोरचा क्रूशिएट लिगामेंट (एसीएल) तुटून शस्त्रक्रिया झाली असेल तर नऊ महिन्यांच्या आत सामना नाही. नऊ महिने झाले तरी एका पायावरची लांब उडी दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के आली पाहिजे. सहाव्या महिन्यात मुलाला काहीही दुखत नसतं, मंडळाचे लोक घरी येऊन बसतात, तिथेच घात होतो. परत गेलेला गुडघा बहुतेकदा खेळच संपवतो.

आणि कागद. याला कुणी कोचिंग म्हणत नाही, पण मुलांच्या आयुष्यात सगळ्यात लांब पुरते ती हीच गोष्ट. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, आणि त्यासाठी प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी व्हावी लागते. तिथे मुलं अडकतात ती फालतू कारणांवर. प्रमाणपत्रावर नाव ‘सचिन’ आणि दहावीच्या मार्कशीटवर ‘सचीन’. वडिलांचं नाव गाळलेलं. तारीख नाही, शिक्का अर्धा उमटलेला. ज्याने सही केली तो पदाधिकारी आता पदावर नाही. सर पहिल्याच महिन्यात प्रत्येकाला प्लॅस्टिकची फाइल करायला लावतात. नाव सगळीकडे मार्कशीटप्रमाणे. प्रत्येक स्पर्धेनंतर प्रमाणपत्राबरोबर संघाच्या प्रवेशयादीची आणि गुणपत्रिकेची प्रत, जमलं तर स्पर्धेच्या नावाच्या फलकासमोरचा फोटो. मूळ प्रमाणपत्र लॅमिनेट करायचं नाही, कारण नंतर मागच्या बाजूला शिक्का मारता येत नाही. खेळामुळे बुडालेल्या तासांचं पत्र स्पर्धेच्या आधी ऑफिसात, नंतर नाही.

आता उणिवा. सगळ्यात मोठी मुलींच्या बाबतीत. त्यांना आठवड्यात तीनच सकाळी मिळतात, त्याही मुलांचा सराव आटोपल्यावर, आणि पुरुषांसाठी आखलेल्या मॅटवर. महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटर, त्यांची निदान रेषा तीन मीटरवर आणि बोनस रेषा त्यापुढे एक मीटर. पाऊण मीटर लांबच्या रेषेवर बोनसचा पाय टाकायची सवय झाली की स्पर्धेत पावलांची मोजणी चुकते, मुलगी गरजेपेक्षा आत घुसते आणि कोपऱ्याच्या हातात सापडते. दुसऱ्या रंगाची टेप लावून स्वतंत्र रेषा मारणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. ते का होत नाही याला कोणतंही कारण पुरेसं नाही. कबड्डीपटू अभिलाषा म्हात्रे याच मुंबईतून २०१४च्या इंचॉन आशियाई सुवर्णापर्यंत आणि मग अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचली. मुलींना उरलेला वेळ देणाऱ्या प्रत्येक कॉलेजने हे ध्यानात घ्यावं.

दुसरं, फिजिओ नाही. सरांना टेपिंग चांगलं येतं, पण ते फिजिओ नाहीत, आणि पट्टी बांधून खेळता येतं म्हणजे बरं झालं असा मुलांचा समज होतो. तिसरं, जुलैत चाळीस-पन्नास मुलं येतात आणि मॅट एकच. पहिल्या वर्षाच्या मुलाला दोन महिने खऱ्या सामन्यात पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त मिळत नाहीत. मोबाइलवर सामने चित्रित होतात, पण ते गटात पडून राहतात, एकत्र बसून बघणं महिन्यातून एकदाही होत नाही. आणि सरांचे मदतनीस कधीकधी आरडाओरडा करतात. तिसऱ्या वर्षाची मुलं त्यांचं अनुकरण करतात, आणि तेही पुढे टिकतं, हे सरांनी वेळीच बघायला हवं.

पाचपैकी गुण द्यायचे तर मुलांसाठी साडेचार, मुलींसाठी तीन.

प्रो कबड्डी २०१४ला सुरू झाली तेव्हापासून टीव्हीवर दिसायच्या आशेने येणाऱ्यांना हा सराव कंटाळवाणा वाटेल. इथे कुणाला लिलावाची स्वप्नं दाखवली जात नाहीत. ज्याला तिशीपर्यंत धड गुडघ्यांनी खेळायचंय, खेळाच्या जोरावर नोकरी मिळवायचीय किंवा पुढे मंडळाची पोरं घडवायचीत, त्याने इथे यावं. मंडळाच्या मातीच्या मैदानावर संध्याकाळी लहान पोरांना घेऊन बसलेले या सरांचे जुने विद्यार्थी बघितले की कळतं. समोर आठ-दहा वर्षांची मुलं उकिडवी बसून, हनुवटी छातीला लावून, डाव्या बाजूला दहा आणि उजव्या बाजूला दहा पडत असतात.

वेगळी फी नाही, जिमखाना फीतच सगळं येतं. स्वतःचा खर्च मॅटच्या बुटांचा, हजार-दीड हजारात चांगले मिळतात. तळवा सपाट, रबरी आणि टोक मऊ बघून घ्या, धावण्याचे जाड टाचेचे बूट चालत नाहीत, त्यात घोटा मुरडतो. गुडघ्याला पातळ स्लीव्ह पुरे. चाचणी जुलैत, कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जयंतीला म्हणजे १५ जुलैच्या कबड्डी दिनाच्या आसपास असते, फलकावर आठवडाभर आधी लागते. चाचणीत चढाई फार बघत नाहीत. तोल, बाजूला सरकणं, आणि सांगितलेलं दुसऱ्यांदा करताना सुधारतं का, एवढं बघतात. नखं कापून या, अंगठी-कडं-गळ्यातला धागा घरी ठेवा. सोबत दहावीच्या मार्कशीटची प्रत, आधीची प्रमाणपत्रं आणि शंभर पानी वही. पालकांना हॉलमध्ये बसायला मनाई नाही, मात्र मॅटपासून लांब, खिडकीकडच्या बाकावर. सव्वासहाच्या आत पोचा, कारण मॅट लावायला नवीन मुलं लागतात.